१९४७च्या पहिल्या ड्राफ्टमधला पहिला खेळाडू एकही मॅच का खेळला नाही?

कट्टा_पॉइंटगार्ड

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या स्पोर्ट्स वीकला जिमखान्याच्या भिंतीवर लावायची पोस्टर्स आम्ही टीममधली मुलंच करतो. यंदा माझ्या वाट्याला एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा पहिला ड्राफ्ट आला, म्हणजे टीमनी एकेक करून कॉलेजचे खेळाडू निवडून घेणं. माहिती काढायला बसलो आणि पहिल्याच नावाला अडकलो.

तेव्हा लीगचं नाव बीएए (बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका) होतं. १ जुलै १९४७ला डेट्रॉइटमध्ये कॉलेजच्या खेळाडूंचा पहिला ड्राफ्ट झाला. पिट्सबर्ग आयर्नमेन या टीमने सगळ्यात आधी टेक्सास वेस्लियन कॉलेजच्या क्लिफ्टन मॅक्नीलीला घेतलं. आणि हा माणूस त्या लीगमध्ये एक मिनिटही खेळला नाही!

आमच्यात यावरून दोन तट पडलेत. एका मित्राचं म्हणणं, पोस्टरवर मोठ्या अक्षरांत 'इतिहासातला पहिला फ्लॉप' लिही, येणारे-जाणारे थांबून वाचतील. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही तेही धड सांगता येत नाहीये. आख्ख्या देशातल्या कॉलेजांमधून पहिला म्हणून निवड झाल्यावर माणूस नाही का म्हणेल? आणि मुळात हा ड्राफ्ट सुरू कशासाठी केला? कोणाला नीट माहीत असेल तर सांगा, सोमवारपर्यंत मजकूर द्यायचाय.

बालेवाडीकर

सोपं आहे, टीमच बुडाली. पिट्सबर्गने पहिल्या सीझनला ६० पैकी १५ मॅच जिंकल्या. सगळ्यात तळाला होते म्हणून निवडीचा पहिला नंबर त्यांना मिळाला. पुढचा सीझन सुरू व्हायच्या आत टीम बंद. टोरांटो, क्लीव्हलंड आणि डेट्रॉइट यांचीही तीच गत झाली. ११ टीमची लीग होती, त्यातल्या चार एका वर्षात गेल्या. आता टीमच नाही तर खेळणार कुठे?

बाकी मला विचाराल तर ड्राफ्टपेक्षा आपल्या कबड्डीचा लिलाव बरा. खेळाडूला आपली किंमत तरी कळते.

सुषमा_कोथरूड

बालेवाडीकर, टीम बुडाली हे खरं, पण तेवढ्याने पोराच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. मॅक्नीलीला खेळायचंच असतं तर त्याला दुसरीकडे जागा मिळाली असती. तो गेला नाही. टेक्सासमध्ये पॅम्पा नावाचं गाव आहे, तिथल्या हायस्कूलमध्ये तो कोच म्हणून लागला आणि त्या शाळेला त्याने राज्याची अजिंक्यपदं मिळवून दिली. मी आयुष्यभर कॉलेजात फिजिकल डायरेक्टर म्हणून नोकरी केली. गावातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांना घेऊन राज्य जिंकायला काय लागतं हे मला माहीत आहे. त्या माणसाला फ्लॉप म्हणू नका, ही माझी कळकळीची विनंती.

पॉइंटगार्ड, तुझी अडचण मला कळते. 'पहिला पिक', म्हणजे पहिली निवड, म्हटलं की तुझ्या डोळ्यांसमोर सूट घातलेला, टोपी चढवून हसत स्टेजवर जाणारा मुलगा येतो. १९४७मध्ये यातलं काही नव्हतं. मालक एका खोलीत बसले आणि याद्या वाचून नावं वाटून घेतली. खेळाडू तिथे नव्हते.

बीएए सुरू झाली जून १९४६मध्ये, न्यूयॉर्कला. सुरू करणारे बहुतेक सगळे मोठमोठ्या बंदिस्त स्टेडियमचे मालक. त्यांच्याकडे आइस हॉकी चालायची, आणि हॉकी नसेल त्या रात्री हॉल रिकामा राहायचा. तो भरायला बास्केटबॉल. अध्यक्ष केला मॉरिस पोडोलॉफ या वकिलाला, तोही हॉकीच्या लीगमधूनच आलेला. म्हणजे खेळाच्या प्रेमापोटी जमलेली ही मंडळी नव्हती.

त्यांच्या आधीपासून, १९३७पासून, नॅशनल बास्केटबॉल लीग चालू होती. तिच्यात कारखान्यांच्या टीम असायच्या. अॅक्रनला गुडइयर आणि फायरस्टोन या टायर कंपन्यांच्या, फोर्ट वेनला झोलनरच्या पिस्टन कारखान्याची. डेट्रॉइट पिस्टन्स हे आजचं नाव त्या कारखान्यावरूनच आलंय.

आणि तिसरी वाट होती, ती आपल्याला अगदी ओळखीची वाटेल. ओक्लाहोमात बार्टल्सव्हिल इथे फिलिप्स ही तेल कंपनी. तिची स्वतःची टीम होती. खेळाडूला कंपनीत कायमची नोकरी द्यायची आणि त्याने कंपनीसाठी खेळायचं, पण हौशी म्हणून. बॉब कर्लंड हा सात फुटी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, त्या काळातला कॉलेजचा सगळ्यात मोठा खेळाडू. तो व्यावसायिक लीगच्या वाटेला गेलाच नाही, फिलिप्समध्ये लागला. १९४८ला लंडन आणि १९५२ला हेलसिंकी, दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळाली, आणि नोकरीत वर चढत गेला. व्यावसायिक लीगमध्ये गेला असता तर ऑलिंपिकचं दार बंद झालं असतं.

आता तूच ठरव. एका बाजूला चार टीम पहिल्याच वर्षी बुडालेली लीग, सीझनपुरता पगार, उन्हाळ्यात दुसरं काहीतरी काम शोधायचं. दुसऱ्या बाजूला शाळेतली नाहीतर कंपनीतली पक्की नोकरी. तेव्हाच्या तरुणांनी युद्ध बघितलेलं होतं, त्यांना घर मांडायचं होतं.

आमच्याकडे ऐंशीच्या दशकात हेच चालायचं. स्टेट कॅम्पची यादी टाइप करून जिमखान्याच्या दारावर लावायचे. मूळ प्रत ऑफिसात राहायची, दारावर यायची ती कार्बनची निळी प्रत. खालची नावं इतकी पुसट की बोट ठेवून अक्षरं लावावी लागायची. आमच्या टीमची सेंटर, मी पाहिलेली सगळ्यात उत्तम रिबाउंडर, म्हणजे हुकलेला शॉट परतला की बॉल पकडणारी, तिचं नाव त्या यादीत दुसरं होतं. त्याच आठवड्यात तिला बँकेचं नेमणुकीचं पत्र आलं. घरी ती थोरली, पाठीवर दोन भाऊ. तिने बँक घेतली. पुढे कितीतरी वर्षं इंटर-बँक स्पर्धेत तिचा उजवीकडचा हुक शॉट बघायला मी नेहरू स्टेडियमवर जायचे. तिला कोणी फ्लॉप म्हटलं तर मी ऐकून घेणार नाही.

ड्राफ्ट कशासाठी, ते नंतर लिहिते. आत्ता नातीला क्लासहून आणायचंय.

कट्टा_पॉइंटगार्ड

मॅडम, हे सगळं पोस्टरवर कसं बसवू! प्लीज दुसरा भागही लिहा.

सुषमा_कोथरूड

लिहिते.

कॉलेजचा गाजलेला मुलगा बाहेर पडला की दोन-तीन टीम त्याच्या मागे लागायच्या, एकापेक्षा एक जास्त रक्कम सांगायच्या. मालकांना हे परवडेना. मग ठरलं की नावं आपसांत वाटून घ्यायची. ज्या टीमने ज्याचं नाव उचललं, त्याच टीमने त्याच्याशी बोलायचं, बाकीच्यांनी हात लावायचा नाही. तळाच्या टीमला पहिला हात, म्हणजे दुबळ्या टीमलाही एखादा चांगला खेळाडू मिळून तिथलं तिकीट खपत राहील. आपण ग्राउंडवर टीम पाडतो तसंच हे. फरक इतकाच की पाडलेल्या टीममधून संध्याकाळी घरी जाता येतं, इथे खेळाडू त्या टीमशी बांधला जायचा.

पद्धत त्यांनी अमेरिकन फुटबॉलवरून उचलली. तिथे पहिला ड्राफ्ट १९३६चा. पहिला निवडला गेला जे बर्वँगर, आणि तोही व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही! दोन खेळ, दोन पहिले ड्राफ्ट, आणि दोन्हीकडे पहिल्या नंबरचा मुलगा 'नको' म्हणाला. पोस्टरवर हे नक्की घे, कारण खेळाडूच्या हातात तेव्हा तेवढंच होतं. कुठे खेळायचं ते मालक ठरवणार, किती पैसे तेही जवळजवळ मालकच ठरवणार. खेळायचंच नाही, एवढं मात्र तो स्वतः ठरवू शकत होता.

दोन लीग चालू होत्या तोवर थोडी मोकळीक होती. १९४८चं उदाहरण घे. डॉल्फ शेज हा न्यूयॉर्कचाच मुलगा, ब्राँक्सचा. बीएएच्या ड्राफ्टमध्ये त्याला न्यूयॉर्क निक्सने घेतलं. गावचीच टीम, जायला काहीच हरकत नव्हती. पण दुसऱ्या लीगमधल्या सिरॅक्यूजने जास्त पैसे देऊ केले, तो सिरॅक्यूजला गेला आणि १९५५ला त्यांना अजिंक्यपद मिळवून दिलं. हे करता आलं कारण दुसरं दार उघडं होतं. ३ ऑगस्ट १९४९ला दोन्ही लीग एक झाल्या, एनबीए हे नाव आलं, १७ टीम झाल्या. मालकांची आपसातली स्पर्धा मिटली आणि खेळाडूचं ते दार बंद झालं. मला विचारशील तर ड्राफ्टची खरी गोष्ट तिथून सुरू होते.

मृण्मयी_आयएलएस

सुषमाताई, फार छान लिहिताय. बॉब कूझीचं नाव टोपीतून काढलं होतं असं वाचलंय, ते खरं आहे का? इतका मोठा खेळाडू आणि चिठ्ठी?

सुषमा_कोथरूड

अगदी खरं. १९५०चा ड्राफ्ट. कूझी होली क्रॉस कॉलेजचा, म्हणजे वूस्टरचा, बोस्टनपासून जेमतेम ६५ किलोमीटर. बोस्टनच्या लोकांना तो हवाच होता. पण पहिला नंबर हातात असून बोस्टन सेल्टिक्सने घेतला चक शेअर, कारण तो उंच होता. कूझी तिसऱ्या नंबरवर ट्राय-सिटीज ब्लॅकहॉक्सकडे गेला. त्याने १०,००० डॉलर मागितले, मालक बेन कर्नर ६,०००च्या वर जाईना. कूझीला वूस्टरमध्ये ड्रायव्हिंग स्कूल काढायचं होतं, तो म्हणाला मग मी तेच करतो.

कर्नरने त्याचे हक्क शिकागो स्टॅग्जला देऊन टाकले, आणि सीझनच्या तोंडावर शिकागोची टीमच बंद पडली. तीन खेळाडू उरले: मॅक्स झास्लोफ्स्की, अँडी फिलिप आणि कूझी. न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि बोस्टन या तिन्ही टीमना झास्लोफ्स्की हवा होता. शेवटी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. न्यूयॉर्कला झास्लोफ्स्की, फिलाडेल्फियाला फिलिप आणि बोस्टनच्या हाती उरला कूझी. पुढे सहा अजिंक्यपदं, १९५७चा सर्वोत्तम खेळाडू. तो पाठीमागून पास द्यायचा. आमच्या वेळचे कोच असा पास दिला की बेंचवर बसवायचे, तरी आम्ही पोरी सराव संपल्यावर तेच करून बघायचो.

आणि शेअर? तो बोस्टनकडून कधीच खेळला नाही. त्याचे हक्क फोर्ट वेनला देऊन बोस्टनने बिल शारमनला आणलं, म्हणून त्या पिकचंही सोनं झालं.

बालेवाडीकर

हे भारी आहे. आपल्याकडेही २००८ला आयपीएलच्या सुरुवातीला अंडर-१९च्या मुलांचा लिलाव नव्हता, ड्राफ्टच होता. दिल्लीने आपल्याच गावच्या विराट कोहलीला सोडून प्रदीप सांगवानला घेतलं आणि कोहली बंगळुरूला गेला. त्यांना बोलर हवा होता.

पण मॅडम, म्हणूनच मी म्हणतोय ना, लिलाव बरा. मालक आपसांत भाव पाडू शकत नाहीत.

सुषमा_कोथरूड

पैशाच्या बाबतीत तुझं बरोबर आहे, लिलावात खेळाडूला जास्त मिळतं. पण कुठे जायचं हे लिलावातही मुलगा ठरवत नाही. कबड्डीतली मुलं मी बघते, जिथे बोली लागेल तिथे बॅग उचलायची. माझा मुद्दा पैशाचा कमी आणि 'कुठे' याचा जास्त आहे.

पॉइंटगार्ड, तुझ्या पोस्टरसाठी अजून दोन नावं देते, आणि ही दोन सोडू नकोस.

पहिलं नाव तुझ्याच १९४७च्या यादीतलं आहे. वाटारू मिसाका. यूटा राज्यातल्या ऑग्डनमध्ये जन्मलेला, जपानी आईबापांचा मुलगा, उंची पाच फूट सात इंच. यूटा विद्यापीठाने १९४४ची एनसीएए ही कॉलेजांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली त्या टीममध्ये तो होता. मग लष्करात गेला, अमेरिकन सैन्याबरोबर जपानमध्ये राहून आला. परत येऊन १९४७ला यूटाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एनआयटी ही कॉलेजांची दुसरी स्पर्धा जिंकली, तेव्हाही टीममध्ये होता. तिथे निक्सवाल्यांनी त्याला पाहिलं आणि ड्राफ्टमध्ये घेतलं. युद्ध संपून दोनच वर्षं झाली होती रे. त्या देशात युद्धाच्या काळात जपानी चेहऱ्याच्या माणसांना छावण्यांत डांबून ठेवलं होतं, आणि हा मुलगा त्या लीगमधला पहिला गोरा नसलेला खेळाडू ठरला. तीन मॅच खेळला, सात गुण केले, नोव्हेंबरमध्ये टीमने सोडलं. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या टीमने बोलावलं होतं, तो गेला नाही. यूटाला परत जाऊन इंजिनिअर झाला. २०१९पर्यंत जगला.

त्या वर्षी बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू आला, त्याच्यावर सगळं जग बोलतं आणि बोलायलाच हवं. मिसाकाबद्दल आपल्याकडे बास्केटबॉल खेळणाऱ्यांनाही माहीत नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं नाव अर्ल लॉइड. १९५०ला बोस्टनने दुसऱ्या फेरीत चक कूपरला घेतलं. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. त्याच ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टन कॅपिटॉल्सने वेस्ट व्हर्जिनिया स्टेटच्या लॉइडला घेतलं, थेट नवव्या फेरीत. नवव्या फेरीत उचललेली बहुतेक नावं कोणाला आठवत नाहीत. पण वेळापत्रक असं पडलं की वॉशिंग्टनची मॅच आधी आली. ३१ ऑक्टोबर १९५०, रॉचेस्टर. कूपरच्या एक दिवस आधी लॉइड कोर्टवर उतरला आणि एनबीएमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू झाला. पुढे १९५५चं सिरॅक्यूजचं अजिंक्यपद, तेच शेजवालं, त्या टीममध्ये लॉइडही होता.

म्हणून मी मुलांना नेहमी सांगायचे, यादी खालून वाचा. वरची नावं सगळेच वाचतात.

मृण्मयी_आयएलएस

ताई, कायद्याच्या बाजूची थोडी भर घालते, आमच्याकडे स्पोर्ट्स लॉच्या लेक्चरला हे झालं होतं. ते बंद झालेलं दार खेळाडूंनी कोर्टात जाऊन उघडलं. स्पेन्सर हेवुड या बास्केटबॉल खेळाडूची केस १९७१ची. तोवर शाळा संपून चार वर्षं झाल्याशिवाय एनबीएमध्ये घ्यायचंच नाही असा नियम होता, म्हणून ड्राफ्ट कॉलेजच्या मुलांचाच असायचा. हेवुडच्या बाजूने सुप्रीम कोर्टाने निकाल दिला आणि तो नियम ढासळला. त्याआधी १९७०ला ऑस्कर रॉबर्टसनने खेळाडू संघटनेचा अध्यक्ष या नात्याने एनबीएवर दावा लावला होता. १९७६ला तडजोड झाली. निवडलेल्या खेळाडूने वर्षभरात करार केला नाही, तर त्याला पुढच्या ड्राफ्टमध्ये पुन्हा उतरता येऊ लागलं. म्हणजे मॅक्नीलीने जे 'नको' म्हणून केलं, ते खेळ न सोडता करायची सोय व्हायला २९ वर्षं लागली.

सुषमा_कोथरूड

मृण्मयी, फार छान. आणि रॉबर्टसनला हे सगळं आतून माहीत होतं बघ. १९६०ला सिनसिनाटीने त्याला घेतलं ते टेरिटोरियल पिक म्हणून.

कट्टा_पॉइंटगार्ड

टेरिटोरियल म्हणजे?

सुषमा_कोथरूड

टीमच्या हॉलपासून ५० मैलांच्या आत जे कॉलेज असेल, तिथला मुलगा टीमला ड्राफ्टच्या आधीच राखून ठेवता यायचा. त्याबदल्यात पहिल्या फेरीची निवड सोडायची. कारण उघड होतं, गावच्या मुलाला बघायला गाव येतं. फिलाडेल्फियाने पॉल अॅरिझिन असाच मिळवला. १९५९ला तर त्यांनी विल्ट चेंबरलेनला राखून घेतलं. तो कॉलेजला कॅन्ससला होता, पण शाळा फिलाडेल्फियाची, म्हणून. १९६५नंतर हा नियम गेला.

मालकांनी केलेल्या सगळ्या नियमांत मला हा एक आवडतो. शिरीन लिमये पुण्याची मुलगी, भारताच्या टीमची कॅप्टन झाली. तिला इथल्या कोर्टवर, इथल्या टीमकडून, भरलेल्या गॅलरीसमोर खेळताना बघायला मिळायला हवं होतं. डेक्कनवरून रोज जाणाऱ्या किती जणांना तिचं नाव ठाऊक आहे?

बालेवाडीकर

मला माहीत होतं. पण माझ्या घरात दुसऱ्या कोणाला नसेल, हे खरंय.

कट्टा_पॉइंटगार्ड

मजकूर नक्की केला. वर मॅक्नीली, पॅम्पाच्या शाळेसकट. मध्ये मिसाका आणि लॉइड, दोघांनाही मॅक्नीलीइतकीच जागा. खाली बर्वँगरची एक ओळ. कूझीच्या टोपीचं वेगळं पोस्टर मित्र करतोय, त्याने 'फ्लॉप'चा हट्ट सोडला. शिरीन लिमयेचं पोस्टर मी शाईने हाताने लिहिणार आहे, मॅडम, ते दाराच्या बाहेरच्या बाजूला लावू.